तिजोरीत कोंडलेल्या बाहुल्या

मराठीत एखाद्याला 'कळसूत्री बाहुली' म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. प्रचारसभेत म्हणतात, टीव्हीवरच्या चर्चेत म्हणतात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच म्हणतात. अर्थ ठरलेला असतो : ह्याला स्वतःचं डोकं नाही, आवाज नाही, दोऱ्या दुसऱ्याच कुणाच्या हातात आहेत. हा अर्थ जुनाही आहे. ज्ञानेश्वरीत अशा बाहुलीला 'साइखडे' म्हटलंय, आणि तिथेही मुद्दा हाच की ती आपण होऊन काही करत नाही, सूत्र हलवणारा वेगळाच असतो.

मग हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने, दोन लाकडी बाहुल्या तिजोरीत का बंद केल्या असतील?

ही गोष्ट १९४४ च्या जानेवारीतली आहे. ठिकाण प्लझेन, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. बियर पिणाऱ्यांना ते 'पिल्सेन' म्हणून ठाऊक असतं. बाहुल्यांची नावं स्पेबल आणि हुर्विनेक. एक टकलू बाप, एक आगाऊ पोरगा. त्यांना नाचवणाऱ्या योसेफ स्कुपालाही त्याच वेळी अटक झाली होती. बाहुल्यांना तिजोरीत टाकल्याची हकीकत चेक लोक आजही सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो. राज्यकर्ते लाकडाला घाबरले, ह्याचा अभिमान.

स्कुपाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो इंटरनेटवर, जुन्या खरखरीत ध्वनिमुद्रिकांमध्ये. मला चेक येत नाही. तरी कळत होतं की एक जाडा, रेंगाळणारा आवाज काहीतरी समजावून सांगतोय आणि दुसरा, किनरा, त्याला पुरं बोलू देत नाहीये. मी समजत होतो की दोन नट आहेत. नंतर कळलं, दोन्ही आवाज एकाच गळ्यातले. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

पेटारा घेऊन फिरणारी माणसं

स्कुपाच्या आधी तिथे बाहुलीवाल्यांची एक लांबलचक परंपरा होती. अठराव्या शतकापासून चेक खेड्यापाड्यांतून बाहुलीवाल्यांची कुटुंबं फिरायची. आजच्या गावात खेळ, उद्या बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी. सगळं कुटुंब कामाला. बाहुलीच्या डोक्यात एक जाड तार असायची, तिनेच बाहुली वरून पेलायची, आणि हातापायांना दोऱ्या. राजा, राक्षस, राजकन्या, सैतान, सगळ्यांचे आवाज बहुतेक वेळा एकटा बाहुलीवालाच काढायचा.

ह्यातलं सर्वांत मोठं नाव मात्येय कोपेत्स्की. जन्म १७७५, मृत्यू १८४७. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ साली, तेव्हा कोपेत्स्की अडुसष्ट वर्षांचा होता. त्याच्या पेटाऱ्यात फाउस्टची गोष्ट होती, डॉन हुआनची होती, आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा एक विदूषक होता. ह्या विदूषकाचं पुढे रूढ झालेलं नाव काश्पारेक. राजा कितीही पल्लेदार बोलू दे, काश्पारेक मध्येच येऊन जेवणाची चौकशी करायचा.

चेक प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. कचेरीत जर्मन, उच्च शिक्षणात जर्मन, मोठ्या नाट्यगृहांतही मुख्यतः जर्मन. खेड्यातल्या माणसाला राजाराणी आपल्या भाषेत बोलताना ऐकायची असतील तर बाहुलीवाला गावात येण्याची वाट बघावी लागे. म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या देशभक्तांनी कोपेत्स्कीला भाषा जागवणारा वीर करून टाकलं. १८६२ मध्ये त्याची नाटकं पुस्तकरूपाने छापली गेली. त्याच वर्षी स्मेताना ह्या मोठ्या संगीतकाराने त्याच्या 'डॉक्टर फाउस्ट'साठी संगीत लिहिलं.

हे सगळं झालं ते तो गेल्यावर. हयातीत कोपेत्स्की गरीबच होता. खेळ करायला सरकारी परवाना लागायचा, त्यासाठी अर्ज करावे लागायचे. भाषा जगवायला तो घराबाहेर पडला नव्हता, पोट जगवायला पडला होता. मला ही बाब महत्त्वाची वाटते, कारण स्कुपाबद्दल वाचतानाही हीच अडचण येते. लोक नंतर पुतळा उभारतात आणि पुतळ्याला भूक लागत नाही.

ड्रॉइंग मास्तर

योसेफ स्कुपाचा जन्म १६ जानेवारी १८९२ चा, स्त्राकोनित्से गावातला. तो वाढला मात्र प्लझेनमध्ये. प्रागला जाऊन उपयोजित कला शिकला आणि परत येऊन शाळेत चित्रकला शिकवू लागला. तिकडे माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला 'प्रोफेसर' म्हणतात. त्यामुळे आयुष्यभर तो 'प्रोफेसर स्कुपा'च राहिला.

प्लझेनमध्ये एक बाहुलीघर होतं. शहरातल्या गरीब मुलांना सुटीत खेड्यावर हवापालटासाठी पाठवणाऱ्या एका संस्थेने ते चालवलेलं, तिकिटांचे पैसे त्या मुलांसाठी. तिथे कारेल नोवाक नावाचा जुन्या फिरत्या परंपरेतला बाहुलीवाला खेळ करायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कुपा तिथे जाऊ लागला. एकीकडे कलाशाळेत शिकलेला तरुण मास्तर, दुसरीकडे गावोगाव फिरलेला म्हातारा कसबी. पेटाऱ्यातलं ज्ञान नोवाककडून स्कुपाकडे असं आलं.

युद्धाचा काळ होता. चेक तरुण ऑस्ट्रियाच्या गणवेशात, ऑस्ट्रियाच्या वतीने मरत होते. मोठ्यांसाठीच्या रात्रीच्या खेळांत स्कुपाच्या काश्पारेकची जीभ धारदार होत गेली. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळायला आलं तेव्हा ह्या लाकडी विदूषकाने रंगमंचावर ऑस्ट्रियाचं चक्क दफन केलं. २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. आता बाहुलीवाल्याला शत्रू उरला नव्हता.

बाप आणि पोरगा

राजाची टवाळी करणाऱ्या विनोदी माणसापुढे राजा गेल्यावर मोठाच प्रश्न उभा राहतो. आता हसायचं कुणाला? स्कुपाने काढलेलं उत्तर मला फार आवडतं. त्याने ठरवलं, आता आपल्यालाच हसायचं.

१९२० मध्ये त्याच्या कल्पनेवरून कारेल नोसेक ह्या कारागिराने एक नवी बाहुली कोरली. टक्कल, बाहेर आलेले मोठे कान, अंगात काळा झगझगीत कोट, हातात पांढरे मोजे आणि पायात मात्र खेडवळ लाकडी खडावांसारखे बूट. वरून साहेब, खालून गावंढळ. हा स्पेबल. हा प्रजासत्ताकाचा नवा नागरिक होता. ह्याला सगळं कळतं. निदान त्याला तसं वाटतं. नियम पाळतो, पेपर वाचतो, मोठे शब्द चुकीच्या जागी वापरतो. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला येतात ते काका आठवा.

पण एकटा स्पेबल फार काळ बोलू शकत नव्हता. त्याला अडवणारं कुणीतरी हवं होतं. १९२६ मध्ये कारेलचा पुतण्या गुस्ताव नोसेक ह्याने स्पेबलसारखीच पण लहान बाहुली कोरली. कान तेच, बूट तेच, कोटाऐवजी पट्ट्यांची आखूड चड्डी, आणि डोळे गरागरा फिरणारे. हा हुर्विनेक. हळूहळू तो स्पेबलचा पोरगा ठरला आणि जोडी जमली.

दोघांचे आवाज स्कुपा काढायचा. बापाचा खर्जातला, पोराचा चिरका. संवाद वेगाने चालू असताना एका वाक्यात गळा खाली, पुढच्या वाक्यात वर. हुर्विनेकच्या दोऱ्या बऱ्याचदा त्याची बायको यिर्जिना हिच्या हाती असत. म्हणजे शब्द एकाचा, हालचाल दुसरीची. नवऱ्याने श्वास कधी घेतला हे बायकोला कळलं नाही, तर पोरगा तोंड फिरवायच्या आधीच बोलून मोकळा व्हायचा. चेहरा लाकडाचा, ओठ हलत नाहीत. मान किती कलली, पाऊल किती आपटलं, आणि बोलण्याआधी किती थांबलं, एवढ्यावरच प्रेक्षकाला सगळं समजायचं.

त्यांच्या संवादांची रीत साधी असे. बाप काहीतरी शिकवायला बसतो, पोरगा 'का?' विचारतो. नमुना मी माझ्या मनाने देतो. समजा बाप सांगतोय, रांगेत उभं राहणं हे चांगल्या नागरिकाचं लक्षण आहे. पोरगा विचारतो, पुढे काय मिळतंय? बाप म्हणतो, ते महत्त्वाचं नाही. पोरगा म्हणतो, मग शेवटचा माणूस पहिल्यापेक्षा चांगला नागरिक का? बाप विचारात पडतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, मोठ्यांना उलट बोलू नये. बस्स. ह्यात सरकारचं नाव नाही, कुणावर टीका नाही. कागदावर हा संवाद लिहून कुणालाही दाखवावा. हे कागदावर निरुपद्रवी दिसणं पुढे फार कामाला येणार होतं.

पक्की नोकरी सोडून

१९३० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, स्कुपाने शाळेतली नोकरी सोडली आणि स्वतःची व्यावसायिक कंपनी काढली. तारीख पुन्हा एकदा बघा. जगभर मंदी आली होती, कारखाने बंद पडत होते, आणि हा माणूस पेन्शनीची नोकरी सोडून बाहुल्यांवर पोट भरायला निघाला होता. माझ्या ओळखीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला चहाला बोलावून समजावलं असतं.

कंपनीचं नाव प्लझेनचं, काम मात्र साऱ्या देशभर. फिरत्या बाहुलीवाल्याचं काम नटांच्या दौऱ्यापेक्षा किचकट असतं. नट आपल्या पायांनी गाडीत चढतो. इथे रंगमंच, पडदे, दिवे आणि बाहुल्या सगळं सुटं करून न्यायचं, नव्या गावात बांधायचं, खेळ करायचा आणि पुन्हा उतरवायचं. पेटी उघडल्यावर दोऱ्यांचा गुंता झालेला असेल तर खेळ तिथेच अडतो. लाकडी हात तुटला तर दुसरा कोरावा लागतो.

जोखीम पत्करली ती फळाला आली. ध्वनिमुद्रिका निघाल्या, रेडिओवर कार्यक्रम झाले, फ्रँक वेनिगसारखे लेखक संवाद लिहू लागले. मानिच्का ही मुलगी आली, झेरिक नावाचा कुत्रा आला. १९२९ साली प्रागमध्ये बाहुलीकारांची 'युनिमा' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती, १९३३ मध्ये स्कुपा तिचा अध्यक्ष झाला. आणि प्रत्येक गावात पोरं आईबापांना ओढत खेळाला आणायची. आईबापही फारसे आढेवेढे घेत नसत, कारण रात्रीचे खेळ खास मोठ्यांसाठीच असायचे.

ह्या दौऱ्यांमुळे एक गोष्ट झाली, जिचं मोल तेव्हा कुणाला कळलं नसेल. साऱ्या देशाला हे दोन आवाज तोंडपाठ झाले. स्पेबलने नुसता घसा खाकरला तरी पुढे काय येणार हे प्लझेनपासून दूरच्या गावातल्या दुकानदारालाही कळायला लागलं. कलाकार आणि प्रेक्षक ह्यांच्यात न बोलता समजून घेण्याची एक भाषा तयार झाली.

थांबण्यातलं राजकारण

१५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. नोव्हेंबरात चेक विद्यापीठं बंद झाली. वृत्तपत्रं, पुस्तकं, नाटकं, सगळ्यांवर नियंत्रण आलं. परदेशी रेडिओ ऐकणं हा गुन्हा ठरला, त्यासाठी जीवही जाऊ शकत होता.

स्कुपाने खेळ बंद केले नाहीत. परवानगी घेऊन, मंजूर संहितेवर, तो गावोगाव फिरत राहिला. ह्या काळातल्या एका नाटकाचं नाव होतं 'तीन मजली मेरी-गो-राउंड'. दुसऱ्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'उद्याचा दिवस चिरायू होवो'. एरवी हे नाव लहान मुलांच्या गाण्यातलं वाटलं असतं. पण परकं सैन्य रस्त्यावर असताना 'उद्या' ह्या शब्दाचा अर्थ काय, हे सभागृहात कुणालाच समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता तो निरुपद्रवी कागद आठवा. तपासनीस वाचतो ती संहिता. संहितेत शब्द असतात, थांबणं नसतं. 'आजकाल सगळं कसं व्यवस्थित चाललंय' हे वाक्य कागदावर राजनिष्ठ आहे. तेच वाक्य स्पेबलने म्हटलं, म्हणजे ज्याला कधीच काही नीट समजलेलं नाही अशा टकलू बाहुलीने म्हटलं, आणि त्यानंतर हुर्विनेकचे डोळे एकदा नुसते फिरले, तर? पोलिसाने अहवालात काय लिहायचं? बाहुलीने डोळे फिरवले?

ही वाक्यंही माझीच आहेत, स्कुपाच्या संहितेतली नव्हेत. पण युक्तीचा पाया हाच होता. वीस वर्षांत प्रेक्षकांशी जमलेली समजूत आता कामाला आली. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला चेक आली तरी ही समजूत कुठून येणार?

इथे माझ्या मनात एक शंका येते आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर वाटत नाही. असल्या विनोदाने होतं काय? १० जून १९४२ ला, हायड्रिख ह्या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून, लिदित्से गावातल्या १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या. जगातल्या कुठल्याही बाहुलीने त्यातली एक गोळी थांबवली नसती. उलट असंही म्हणता येईल की लोक हसले, मोकळे झाले आणि सकाळी निमूट कामावर गेले. प्लझेनमध्ये स्कोडाचा अवाढव्य शस्त्रकारखाना होता. तो जर्मन सैन्यासाठी चालू होता, आणि तिथले कामगारही ह्या खेळांना येतच असणार.

आपण रोज मीम पाठवतो. सरकारवर, साहेबावर, कुणावरही. पाठवलं की जरा बरं वाटतं, आणि मग काही करायची गरज उरली नाही असंही वाटतं. तेव्हा स्कुपाच्या प्रेक्षकांनाही असंच वाटत असेल का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

मला एक फरक दिसतो. मीम आपण एकटे बघतो, अंगठ्याने पुढे सरकवतो. त्या सभागृहात हसायचं तर मोठ्याने हसावं लागत होतं, शेजाऱ्याच्या देखत. शेजारी कोण आहे हे ठाऊक नसायचं. खबऱ्यांचा काळ होता तो. चुकीच्या जागी हसलं म्हणून कुणी नाव कळवलं तर? तरीही एक हसला, मग दुसरा, मग ओळ. अंधारात बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळायचं की असं वाटणारे आपण एकटे नाही. रोज घरात, कामावर, ट्राममध्ये तोंड मिटून वावरणाऱ्या माणसाला दुसरीकडे कुठे ही खातरजमा करून घेता येत नव्हती. बंदुकीशी ह्याची तुलना मी करणार नाही. पण पारतंत्र्यात माणसं आधी एकमेकांपासून तुटतात, आणि स्कुपा त्यांना तासा-दोन तासांसाठी जोडत होता एवढं नक्की.

तुरुंग

जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने त्याला उचललं. आरोप ठेवला परदेशी रेडिओ ऐकल्याचा. कंपनी बंद पडली. बाहुल्या तिजोरीत गेल्या, स्कुपा जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तुरुंगात.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली, नंतर अमेरिकन विमानंही आली. शहर जळून गेलं. सुमारे २५,००० माणसं मेली. त्या आगीच्या गोंधळात स्कुपा तुरुंगातून निसटला आणि घरी पोहोचला. ज्या बॉम्बवर्षावाने हजारो नागरिकांचा जीव घेतला, त्यानेच ह्या एका माणसाला बाहेर काढलं. ह्यात काव्यगत न्याय शोधायची माझी तयारी नाही. तो वाचला, एवढंच.

६ मे ला अमेरिकन सैन्य प्लझेनमध्ये आलं. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे युद्ध संपून पुरते सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, स्कुपाने प्रागमध्ये 'स्पेबल आणि हुर्विनेक थिएटर' उघडलं. इतकी वर्षं रस्त्यावर काढलेल्या बाहुल्यांना पक्कं घर मिळालं.

मान मिळाला, रस्ता गेला

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण स्कुपा पुढे आणखी अकरा वर्षं जगला.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. त्याच वर्षी नाट्यकलेविषयीचा नवा कायदा झाला. त्यात बाहुलीनाट्याला इतर नाटकांच्या बरोबरीचं स्थान मिळालं. सरकारी थिएटरं, पगारी बाहुलीकार. १९५२ मध्ये प्रागच्या नाट्य अकादमीत बाहुलीनाट्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, विद्यापीठ पातळीवरचा जगातला पहिला. आपल्याकडे पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांना कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या परंपरेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा किती जणांनी ते गाव नकाशावर शोधलं असेल, हे मनात आणा. म्हणजे १९४८ सालचा तो मान किती मोठा होता हे कळेल.

पण त्याच नव्या व्यवस्थेने खासगी कंपन्या संपवल्या. पिढ्यान्‌पिढ्या पेटारे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचे परवाने गेले. कोपेत्स्की ज्या परवान्यासाठी अर्ज करायचा तो ऑस्ट्रियाच्या बादशहाने शेवटी दिला होता. कामगारांच्या राज्याने तो काढून घेतला. कला प्रतिष्ठित झाली आणि ती जिवंत ठेवणारा माणूस रस्त्यावरून हटवला गेला, दोन्ही एकाच झटक्यात.

स्कुपाला १९४८ मध्येच 'राष्ट्रीय कलाकार' ही पदवी मिळाली. त्याने ती घेतली. ऑस्ट्रियाचं दफन करणारा, नाझींच्या नाकाखाली डोळे फिरवणारा माणूस आता सरकारी मानकरी होता. त्याला घाबरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, मागे एक तुरुंग, हाताखाली अख्खी मंडळी. शत्रू परका असला की टवाळी करणं एका अर्थी सोपं असतं, सगळं सभागृह आपलंच असतं. राज्यकर्ते आपल्याच भाषेत बोलायला लागले, आणि सभागृहातले निम्मे त्यांच्यावर मनापासून विश्वास ठेवणारे असले, की हुर्विनेकने डोळे कुणाकडे बघून फिरवायचे?

ह्याचं उत्तर पुढे स्कुपाच्या एका विद्यार्थ्याने दिलं. प्लझेनच्या शाळेत स्कुपाच्या हाताखाली चित्रकला शिकलेला यिर्जी त्रंका पुढे बाहुलीपटांचा जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला. १९६५ मध्ये त्याने 'हात' नावाचा छोटा चित्रपट केला. एक कलाकार आपल्या फुलासाठी मातीची कुंडी घडवतोय. एक प्रचंड हात येतो आणि म्हणतो, कुंडी नको, माझा पुतळा कर. विनवतो, धमकावतो, शेवटी कलाकाराला दोऱ्या बांधून काम करून घेतो. कलाकार मरतो तेव्हा तोच हात त्याची सन्मानाने अंत्ययात्रा काढतो. १९६९ च्या अखेरीस त्रंका गेला आणि नंतर ह्या चित्रपटावर बंदी आली. गुरूने बाहुलीच्या तोंडून जे सांगितलं नाही, ते शिष्याने दोऱ्याच दाखवून सांगितलं.

गळा दुसऱ्याचा

स्कुपाची तब्येत खालावत चालली होती. बाहुल्या दुसऱ्याच्या हाती देता येतात, आवाजाचं काय करायचं? देशाने तीस वर्षं ऐकलेले दोन आवाज एका गळ्यात होते. १९५१ मध्ये मिलोश किर्शनर नावाचा तरुण कंपनीत आला होता. तो दोन्ही आवाज काढू शकायचा. १९५६ मध्ये स्कुपाने जोडी त्याच्या स्वाधीन केली. ८ जानेवारी १९५७ ला, पासष्टाव्या वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना, स्कुपा वारला.

किर्शनरने पुढे जवळजवळ चाळीस वर्षं बापलेकांना बोलतं ठेवलं आणि त्यांना जगभर फिरवलं. ज्या देशात जायचं तिथल्या भाषेतले संवाद तो पाठ करायचा, कित्येकदा ती भाषा येत नसतानाही. त्याच्यानंतरही हे आवाज शिष्यांकडे गेले. थिएटर आजही प्रागच्या देयवित्से भागात चालू आहे. २०१६ मध्ये चेक आणि स्लोव्हाक बाहुलीकलेचा समावेश युनेस्कोच्या यादीत झाला.

बाहुल्या सर्वांत लाडक्या झाल्या त्या परक्या देशांपैकी एक म्हणजे पूर्व जर्मनी. तिथली एक अख्खी पिढी स्पेबल आणि हुर्विनेकच्या ध्वनिमुद्रिका ऐकत, त्यांना टीव्हीवर बघत वाढली. बाप जर्मनमध्ये समजावून सांगायचा, पोरगा जर्मनमध्ये 'का?' विचारायचा. ऐकणाऱ्या काही मुलांच्या आजोबांनी कदाचित प्लझेनमध्ये पहारा दिला असेल. मुलांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की टकलू माणसाला काही येत नाही आणि तरी तो शिकवायचं थांबत नाही.